पडद्यावरचे चांचे आणि त्यांचा करारनामा

शेजाऱ्याच्या अंगणांतला पेरू न विचारतां तोडला म्हणून ज्या घरांत मुलाला दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात, त्याच घरांत समुद्रावरील लुटारूंचा एखादा जुना इंग्रजी बोलपट लागला म्हणजे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी मंडळी हातचें काम टाकून बसते. आणि शेवटीं लुटारूचा जय झाला कीं सर्वांच्या मुद्रेवर समाधान पसरतें. ‘चांचा’ हा शब्द तर मराठींत कधींच मानाचा नव्हता. मग या विसंगतीचा अर्थ काय? चोरी ती चोरी, मग ती अंगणांत होवो कीं भर समुद्रांत, असें म्हणणाऱ्या आपल्या नीतिबुद्धीला पडद्यापुढें बसतांच झोंप लागते, कीं तिला त्या गोष्टींत कांहीं निराळेंच दिसत असतें? या महिन्याच्या लेखांत हें कोडें उलगडून पाहावें असा आमचा मानस आहे.

ज्या चित्रपटांविषयीं आम्ही बोलत आहों, ते हॉलीवूडमध्यें साधारणपणें १९२६ ते १९५२ या पाव शतकांत निघाले. डग्लस फेअरबँक्स यांचा ‘द ब्लॅक पायरेट’ हा मूकपट १९२६ चा. त्या वेळीं नवलाईच्या असलेल्या दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीनें तो घेतला होता. आणि उंच शिडाच्या कापडांत खंजीर रोवून, तें फाडीत फाडीत खालीं घसरत येणारा त्यांतला नायक पुढच्यांनीं इतक्या वेळां उसना घेतला कीं मूळ युक्ति कोणाची हें पुष्कळांच्या लक्षांत राहिलें नाहीं. त्यानंतर मायकेल कर्टिझ यांनीं दिग्दर्शित केलेले ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) व ‘द सी हॉक’ (१९४०) हे दोन बोलपट आले. टायरन पॉवर व मॉरीन ओहारा यांचा ‘द ब्लॅक स्वॉन’ १९४२ चा, चार्ल्स लॉटन यांचा ‘कॅप्टन किड’ १९४५ चा, आणि ‘अगेन्स्ट ऑल फ्लॅग्ज’ व ‘द क्रिम्सन पायरेट’ हे दोन्ही १९५२ चे. हल्लींच्या मुलांना ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही २००३ मध्यें सुरू झालेली मालिका अधिक ठाऊक असते. तिचा उगम डिस्नेलँडमधील १९६७ सालच्या एका करमणुकीच्या सफरींत आहे, आणि तींत भुताखेतांचा मसाला पुष्कळ आहे. आमचें आजचें बोलणें तिच्या आजोबा-पणजोबांविषयीं आहे.

या साऱ्यांत ‘कॅप्टन ब्लड’ हा आम्ही नमुन्यादाखल घेतों. कारण पुढच्यांची घडण बहुतेक त्याच्यावरूनच झाली. कथा १६८५ सालची. इंग्लंडच्या गादीवर दुसरा जेम्स होता व मन्मथच्या ड्यूकनें त्याच्याविरुद्ध केलेलें बंड नुकतेंच मोडलें होतें. पीटर ब्लड हा एक आयरिश वैद्य. लढाईला कंटाळून तो स्वस्थ खेडेगांवांत राहिलेला असतो. मध्यरात्रीं कोणी हांक मारतें, एक बंडखोर जखमी होऊन पडलेला असतो, आणि वैद्याचा धर्म म्हणून ब्लड त्याच्या उशाशीं जातो. तेथेंच राजाचे शिपाई त्याला पकडतात. न्यायाधीशापुढें तो सांगतो कीं मीं रोग्याची शुश्रूषा केली, बंड केलें नाहीं. पण त्याला राजद्रोही ठरवून फांशीची शिक्षा फर्मावण्यांत येते. पुढें राजाच्या लक्षांत येतें कीं मेलेल्या कैद्यापेक्षां विकलेला कैदी फायद्याचा. मग ब्लड व त्याचे सोबती जमेकाच्या बाजारांत गुलाम म्हणून विकले जातात, आणि मळेवाल्याची पुतणी ॲराबेला दहा पौंडांना ब्लडला विकत घेते. एके दिवशीं स्पॅनिश जहाज गांव लुटावयास येतें. लुटारू किनाऱ्यावर गुंतलेले असतां हे गुलाम त्यांचेंच जहाज ताब्यांत घेतात, आणि वैद्य पीटर ब्लड ‘कॅप्टन’ ब्लड होतो. पुढें तीच ॲराबेला दुसऱ्या चांच्याच्या हातीं सांपडते, तेव्हां तिला विकत घेऊन सोडविण्याची पाळी ब्लडवर येते. ज्याला बाजारांत विकत घेतलें, त्यानेंच विकत घेणारीला विकत घ्यावें, ही कथेची गांठ साधी असली तरी मनांत राहणारी आहे.

ही कथा राफाएल सबाटिनी यांच्या १९२२ सालच्या कादंबरीवरून घेतली आहे, आणि कादंबरीच्या मुळाशीं एक खरी हकीकत आहे. हेन्री पिटमन नांवाचा शस्त्रवैद्य याच बंडानंतर शिक्षा होऊन बार्बाडोस बेटावर पाठविला गेला, तेथून एका लहानशा होडींतून निसटला आणि १६८९ मध्यें त्यानें आपली कहाणी छापून प्रसिद्ध केली. फरक एवढाच कीं खरा पिटमन चांचा झाला नाहीं. तो घरीं परतला.

चित्रपटाच्या बाह्य अंगांचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे, आणि तें अस्थानीं नाहीं. नायकाची भूमिका प्रथम रॉबर्ट डोनाट यांना द्यावयाची होती. तें जमलें नाहीं म्हणून टास्मानियांत जन्मलेले एरल फ्लिन या जवळजवळ अज्ञात तरुणाला ती मिळाली, आणि एका चित्रपटानें ते जगाला माहीत झाले. ॲराबेलाचें काम करणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड त्या वेळीं अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढें दोघांनीं मिळून आठ चित्रपट केले. संगीत व्हिएन्नाहून आलेल्या एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड यांचें. त्यांना तीन आठवड्यांच्या सुमारास वेळ मिळाला. तेव्हां द्वंद्वयुद्धाच्या ठिकाणीं त्यांनीं लिस्ट या जुन्या संगीतकाराच्या रचनेचा आधार घेतला, आणि म्हणूनच श्रेयनामावलींत आपल्याला ‘रचनाकार’ न म्हणतां केवळ ‘संयोजक’ म्हणावें असा आग्रह धरला. एवढा प्रामाणिकपणा लुटारूंच्या चित्रपटांत पाहावयास मिळावा ही मौजच होय! तरवारबाजी बसविणारे बेल्जियमचे फ्रेड कॅव्हन्स यांचें तत्त्व असें कीं पडद्यावरील प्रत्येक हात खऱ्या पटाईतापेक्षां मोठा व मोकळा असावा, म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांना तो धरतां येतो. बॅझिल रॅथबोन हे या विद्येंत फ्लिनपेक्षां सरस. पण १९३५ मधील समुद्रकिनाऱ्यावर काय आणि १९३८ मधील ‘रॉबिन हूड’च्या किल्ल्यांत काय, कथेच्या आज्ञेनें मरण त्यांच्याच वांट्याला आलें.

परंतु तरवार, शिडें आणि वाद्यें एवढ्यावरच हें आकर्षण उभें असतें, तर त्याच सामग्रीचे दुसरे शेंकडों चित्रपट विस्मृतींत गेले नसते. आमच्या मतें आकर्षणाचें खरें बीज दुसरीकडे आहे. या कथांतील नायक प्रथम चोर नसतो. त्याच्यावर आधीं चोरी झालेली असते. त्याचें नांव, त्याचा धंदा, त्याचें स्वातंत्र्य हें सारें न्यायाच्या गादीवर बसलेल्यांनीं हिरावून घेतलेलें असतें. तो कायदा मोडून बाहेर पडत नाहीं; कायदाच त्याला बाहेर टाकतो. आणि बाहेर पडल्यावर तो पहिलें काम कोणतें करतो? लूट नव्हे. तो आपल्या सोबत्यांना जहाजावर एकत्र बोलावतो आणि एक करारनामा वाचून दाखवितो. लूट सर्वांची, वांटणी ठरल्याप्रमाणें, लपवाछपवी करणारास शिक्षा, लढाईंत जायबंदी झालेल्यास भरपाई, आणि बंदिवान स्त्रीवर हात टाकणारास कडक शासन. सारे मान्यता देतात, आणि मगच नांगर उचलला जातो. ज्यांना कायद्यानें टाकलें, त्यांनीं आपल्यापुरता दुसरा कायदा केला, व तो पाळला. प्रेक्षकाच्या मनाला जी शांति मिळते ती येथें मिळते.

कोणी म्हणेल कीं शेवटीं राजाकडून माफी मिळवून चांच्याला सज्जनांत आणून सोडण्याची ही युक्ति तत्कालीन नियमांनीं लादलेली होती. अमेरिकन चित्रपटधंद्याची नीतिसंहिता १९३४ पासून कडकपणें अमलांत येऊं लागली, आणि गुन्हेगार विजयी झालेला दाखवूं नये हें तिचें एक मुख्य सूत्र होतें, ही गोष्ट खरी. परंतु कादंबरी त्यापूर्वीं बारा वर्षें लिहिलेली आहे, आणि तिचा शेवटही असाच आहे: जुलमी राजा जातो, नवा राजा सनद पाठवितो, व ब्लड जमेकाचा गव्हर्नर होतो. तेव्हां ही घरीं परतण्याची ओढ नियमाची नसून कथेचीच आहे. वाचकाला व प्रेक्षकाला बंडखोर आवडतो तो बंडासाठीं नव्हे. तो न्यायाच्या घरीं परत जाण्याची वाट शोधीत असतो म्हणून.

आतां गंमत अशी कीं, तो करारनाम्याचा प्रसंग पाहतांना सुशिक्षित प्रेक्षक मनांत हंसतो. अडाणी दर्यावर्दी कोठले सभा भरवितात आणि विम्याच्या अटी लिहितात, ही सारी पटकथालेखकाची कल्पना, असें त्याला वाटतें. उलट राजे, पोषाख, जहाजें, तोफा हा भाग त्याला खरा इतिहास वाटतो. वस्तुस्थिति याच्या अगदीं विरुद्ध आहे. जें काल्पनिक वाटतें तेंच या चित्रपटांत सर्वांत खरें आहे.

आलेक्सांद्र एक्सक्वेमेलिन हा शस्त्रवैद्य स्वतः कॅरिबियन समुद्रांतील चांच्यांबरोबर हिंडला होता. त्याचा ग्रंथ १६७८ मध्यें ॲमस्टरडॅम येथें डच भाषेंत निघाला. त्यांत तो सांगतो कीं मोहिमेपूर्वीं सर्व जण जमून लेखी अटी ठरवीत. कांहीं मिळालें नाहीं तर कोणालाच कांहीं नाहीं, हा पहिला नियम. मिळालेल्या ठेव्यांतून प्रथम सुताराचें वेतन, वैद्याला औषधांच्या पेटीसह २०० ते २५० नाणीं, आणि मग जखमींची भरपाई: उजवा हात गेल्यास स्पॅनिश चांदीचीं ६०० नाणीं, डावा हात ५००, उजवा पाय ५००, डावा पाय ४००, एक डोळा १००, एक बोट १००. हें सारें देऊन झाल्यावर उरेल त्याची वांटणी. कप्तानाला सामान्य खलाशाच्या कांहीं पट हिस्सा, पोरांना अर्धा. पुढच्या पिढींतील बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा १७२२ मध्यें लढाईंत मारला गेला. त्याच्या जहाजावरील अटी १७२४ च्या एका ग्रंथांत छापल्या आहेत. महत्त्वाच्या कामांत प्रत्येकाला एक मत; पैसे लावून पत्ते वा फांसे खेळण्यास बंदी; रात्रीं आठला दिवे मालवावयाचे; भांडण जहाजावर करावयाचें नाहीं, किनाऱ्यावर उतरून मिटवावयाचें; आणि वाजंत्र्यांना शब्बाथच्या दिवशीं विश्रांति! एखाद्या वसतिगृहाच्या भिंतीवर लावावे असेच हे नियम आहेत.

असें कां व्हावें याचें कारण त्या काळच्या व्यापारी जहाजांवर पाहावयास सांपडतें. तेथें कप्तानाचा शब्द म्हणजे कायदा. चाबकाचे फटके, कुजकें अन्न आणि बुडविलेलें वेतन हा खलाशाचा नेहमींचा अनुभव. हात तुटला तर तो त्याचा आणि त्याच्या नशिबाचा प्रश्न. अशा जहाजावरून पळालेले किंवा चांच्यांनीं पकडल्यावर त्यांना मिळालेले लोक जेव्हां स्वतःचें जहाज चालवूं लागले, तेव्हां ज्या गोष्टींचा जाच त्यांनीं भोगला होता, त्या टाळण्याची तजवीज त्यांनीं आधीं केली. कप्तान निवडावयाचा, नालायक ठरला तर काढावयाचा, आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्यास दुसरा अधिकारी नेमावयाचा. ज्या काळीं इंग्लंडांतील बहुसंख्य प्रजेला मताचा अधिकार नव्हता, त्या काळीं हें चाललें होतें.

खोटें आहे तें मात्र दोन प्रकारचें आहे. एक निरुपद्रवी. कैद्याला फळीवरून चालवून समुद्रांत टाकणें, नकाशावर फुलीची खूण करून खजिना पुरणें, या गोष्टी इतिहासांत जवळजवळ सांपडत नाहींत. स्टीव्हन्सन यांच्या १८८३ सालच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीनें पुरलेल्या खजिन्याला आणि खांद्यावरच्या पोपटाला घरोघरीं पोंचविलें. चांचे ज्या घोगऱ्या ‘आर्र’च्या उच्चारानें बोलतात असा सार्वत्रिक समज आहे, तो तर रॉबर्ट न्यूटन या नटाच्या बोलण्यावरून रूढ झाला. न्यूटन इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतले; १९५० मध्यें याच कादंबरीवरील चित्रपटांत काम करतांना त्यांनीं आपल्या प्रांतांतली बोली खुलवून वापरली, एवढेंच. यांत कोणाचें नुकसान नाहीं.

दुसरें खोटेपण मात्र गंभीर आहे, आणि त्याविषयीं घरांतील वडील मंडळींनीं जागरूक असावें असें आम्हांस वाटतें. ‘कॅप्टन ब्लड’मध्यें जमेकाच्या मळ्यावर राबणारे, फटके खाणारे आणि शेवटीं मुक्त होणारे गुलाम मुख्यतः इंग्रज आहेत. प्रत्यक्षांत १६८५ मध्यें त्या बेटावरील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून धरून आणलेल्या लोकांचा मोठा भरणा होता. त्यांच्यासाठीं कोणताही विल्यम राजा सनद पाठविणार नव्हता. ‘द सी हॉक’चा नायक स्पॅनिश जहाजाच्या तळाशीं साखळ्यांत जखडलेल्या वल्हेकऱ्यांना सोडवितो, आणि पुढें स्वतःही तेंच वल्हें ओढतो. हा प्रसंग अत्यंत परिणामकारक आहे. चित्रपट निघाला तेव्हां, १९४० च्या उन्हाळ्यांत, हिटलरपुढें ब्रिटन एकटें उभें होतें; जगाच्या नकाशावर ज्याची छाया पडते असा स्पेनचा राजा फिलिप म्हणजे कोण, हें प्रेक्षकांना सांगावें लागलें नाहीं. पण ज्या एलिझाबेथ राणीच्या दर्यावर्दींचा हा गौरव आहे, त्यांतलेच जॉन हॉकिन्स १५६२ मध्यें आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसें धरून स्पॅनिश वसाहतींत विकावयास निघाले होते, आणि १५६५ मध्यें त्यांना मिळालेल्या कुलचिन्हावर दोरांनीं बांधलेल्या आफ्रिकन माणसाचें चित्र होतें. पडद्यावर साखळ्या तोडणारा हात तो. इतिहासांत साखळ्या घालणाराही तोच.

आणि ज्या करारनाम्याची आम्हीं एवढी प्रशंसा केली, तोही यांतून सुटत नाहीं. एक्सक्वेमेलिनच्या यादींत प्रत्येक रकमेपुढें एक पर्याय दिलेला आहे. उजव्या हाताबद्दल ६०० नाणीं किंवा सहा गुलाम; डाव्या हाताबद्दल ५०० किंवा पांच; डोळ्याबद्दल १०० किंवा एक गुलाम. म्हणजे ज्या कागदानें जहाजावरील दरिद्री खलाशाला माणूस म्हणून ओळखलें, त्याच कागदानें जहाजाबाहेरच्या माणसाला सुटें नाणें ठरविलें. चित्रपटवाल्यांनीं करार दाखविला, परंतु हा पर्याय वगळला. वगळणें सोयीचें होतें; पण करारनाम्याचा खरा धडा त्या पर्यायांतच आहे.

आपल्या किनाऱ्याचा संबंध येथेंच येतो. १६९५ च्या सप्टेंबरांत हेन्री एव्हरी या इंग्रज चांच्यानें सुरतेकडे परतणारें औरंगजेब बादशहाचें ‘गंज-इ-सवाई’ हें जहाज लुटलें. त्यावर मक्केची यात्रा करून येणारे स्त्रीपुरुष होते. लूट कित्येक दिवस चालली. विटंबना टाळण्यासाठीं कित्येक स्त्रियांनीं समुद्रांत उड्या टाकल्या, कित्येकींनीं स्वतःवर शस्त्र चालविलें, असें इतिहासकार खाफीखान यानें लिहून ठेविलें आहे. बादशहानें सुरतेच्या इंग्रजांना कैदेंत घातलें. एव्हरी मात्र कधींच सांपडला नाहीं. इकडे इंग्लंडांत मात्र दंतकथा पसरली कीं त्यानें बादशहाच्या मुलीशीं लग्न करून मादागास्करांत राज्य स्थापिलें! १९५२ च्या ‘अगेन्स्ट ऑल फ्लॅग्ज’मध्यें या दंतकथेची छाया स्पष्ट दिसते. त्यांत मादागास्करचे चांचे मोगल बादशहाचें जहाज पकडतात, आणि त्यावरील शहाजादी एरल फ्लिन यांच्या नायकावर भाळून प्रेक्षकांना हंसविते. ज्या जहाजावरून स्त्रियांनीं जीव दिले, त्याच्या आठवणीचें अडीचशें वर्षांत विनोदी प्रणयदृश्य झालें. हें जाणून तो प्रसंग पाहिला म्हणजे हंसूं ओठांवरच थांबतें.

मग खरा चांचा कोणास म्हणावें? ज्याच्या खिशांत राजाचा परवाना नाहीं त्याला, असें कायदा सांगे. पण हा परवाना फार लवचीक होता. फ्रान्सिस ड्रेक स्पेनच्या लेखीं चांचा; एलिझाबेथनें १५८१ मध्यें त्यांना ‘सर’ केलें. हेन्री मॉर्गन यांनीं १६७१ मध्यें पनामा लुटलें आणि तीन वर्षांनीं सरदारकी मिळवून जमेकाचे उपगव्हर्नर झाले. एक्सक्वेमेलिनचा ग्रंथ इंग्रजींत छापणारांवर त्यांनीं अब्रुनुकसानीचा दावा करून भरपाईही घेतली. ‘द ब्लॅक स्वॉन’मधील मॉर्गन तो हाच. उलट विल्यम किडजवळ राजाची सनद होती, तरी १७०१ मध्यें त्याला लंडनमध्यें फांशी दिलें. त्याच्या बचावाचे जे कागद खटल्याच्या वेळीं मिळाले नाहींत, ते विसाव्या शतकांत तेथील सरकारी दप्तरांतच सांपडले. आणि मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे? परवान्याशिवाय आपल्या समुद्रांतून जाणाऱ्या जहाजांना ते अडवीत. पोर्तुगीज तर हीच परवान्याची पद्धत कितीतरी आधींपासून चालवीत आले होते. तरी मुंबईकर इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी ‘चांचे’ ठरले. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर चाल केली व ती फसली. हा शब्द त्यांच्या नांवाला पुष्कळ काळ चिकटून राहिला. स्वतंत्र भारताच्या आरमारानें १९५१ मध्यें मुंबईंतील आपल्या ठाण्याला ‘आंग्रे’ हें नांव दिलें, तेव्हां त्याला योग्य उत्तर मिळालें.

इतकें झाल्यावर कोणी विचारील कीं मग हे चित्रपट मुलांना दाखवावे कीं नाहीं? आमचें उत्तर निःसंदिग्ध आहे: अवश्य दाखवावे, आणि शक्य तर घरच्या सर्वांनीं मिळून पाहावे. अन्यायानें बाहेर टाकलेल्या माणसानेंही शब्द पाळावा, दुबळ्याचें रक्षण करावें, आणि मिळालेलें सर्वांत वांटावें, हा संस्कार व्याख्यानापेक्षां तरवारीच्या एका हातानें लवकर होतो. त्यांतील साहस निर्मळ आहे, संगीत उत्तम आहे, आणि शेवटीं माणूस घरीं पोंचतो. मात्र दिवे लागल्यावर दोन प्रश्न मुलांपुढें टाकावे. जहाजावरच्या करारांत कोणाकोणाची सही होती? आणि त्याच करारांत ज्यांची किंमत लिहिली होती, पण ज्यांना सही विचारली नाहीं, असे कोण होते?

हे प्रश्न मुलांपुरतेच नाहींत, हेंही जातां जातां सांगावयास हवें. प्रत्येक एकत्र कुटुंबाचा एक अलिखित करारनामा असतो. कमाई कोणाची, वांटणी कशी, आजाऱ्याची काळजी कोणीं घ्यावयाची, हें त्यांत ठरलेलें असतें, आणि त्याच्या बळावर घर संकटांतून तरून जातें. पण त्या करारावर सुनेची सही कोणीं मागितली होती? घरांत राबणाऱ्या बाईच्या दुखऱ्या हाताची भरपाई कोणत्या कलमांत होती? जहाजावरचा न्याय जहाजापुरताच राहिला म्हणून आपण चांच्यांना दोष देतों. तेव्हां घरांतला न्याय उंबरठ्याच्या आंतही सर्वांपर्यंत पोंचतो कीं नाहीं, हें पाहणें आपल्याच हातीं आहे.

एक्सक्वेमेलिनच्या यादींतील ते सहा गुलाम पडद्यावर कधीं आले नाहींत. ते कोण, त्यांचीं नांवें काय, त्यांना कोठें नेलें, हें कोणत्याही ग्रंथांत लिहिलेलें नाहीं. पुढच्या वेळीं एरल फ्लिन जहाजावर उभे राहून कलमें वाचूं लागतील, तेव्हां आमच्या वाचकांनीं त्या करारनाम्याला मनांतल्या मनांत ती वगळलेली ओळ जोडून घ्यावी, आणि मग खुशाल टाळ्या वाजवाव्या.